आग्रहाची पंगत आणि पथ्याचे ताट

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग आणि चाकणकडून येणारा रस्ता ज्या ठिकाणी एकमेकांस मिळतात, तेथे शिक्रापूर वसले आहे. एका अंगाला वेळ नदीच्या काठची शेती आणि दुसऱ्या अंगाला सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांच्या पाळ्या, अशा दुहेरी जीवनात हे गाव गेल्या काही दशकांत पार बदलून गेले. परंतु होळी असो, बैलपोळा असो की गौरीचे जेवण असो, त्या दिवशी घराघरांतून येणारा पुरणाचा वास मात्र बदललेला नाही. पाहुणे जमतात, पंगत बसते, वाढणारी गृहिणी पोळीवर तुपाची धार धरते, आणि नेमक्या त्या वेळी पंगतीतले एखादे दहा-बारा वर्षांचे मूल पोळीला ‘नको’ म्हणते. क्षणभर सगळे थांबतात. ‘सणाच्या दिवशी नको म्हणू नये रे,’ असे आजी म्हणते. ‘अर्धी तरी खा,’ असा आत्याचा आग्रह होतो. ‘एवढ्याशाने काय होते?’ असे काका विचारतात. मुलाची आई मान खाली घालून बसते. कारण एवढ्याशाने काय होते, हे त्या पंगतीत फक्त तिला आणि त्या मुलालाच ठाऊक असते.

असे मूल हट्टी नसते आणि लाडावलेलेही नसते. त्याला सीलिॲक नावाचा आजार असतो. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, पुरणाचा गोळा पोटात घेऊनही पोळी न फाटता पसरते, ती या ग्लूटेनमुळेच. म्हणजे जो गुण सुगरणीच्या हाताला यश देतो, तोच या रुग्णाच्या जिवावर उठतो. त्याच्या शरीरातील संरक्षक यंत्रणा ग्लूटेन पोटात जाताच बिथरते आणि आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. या अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे सूक्ष्म अंकुर असतात व अन्नरस शोषून घेण्याचे काम ते करतात. ते अंकुर झडले की खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. मग जुलाब, पोट फुगणे, मुलांची उंची आणि वजन खुंटणे, रक्त कमी होणे, हाडे ठिसूळ होणे असे परिणाम दिसू लागतात. कित्येकांना पोटाची तक्रार जाणवतच नाही. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षे खाऊनही न हटणारा पंडुरोग एवढीच काय ती खूण असते. या आजारावर औषध नाही. ग्लूटेन आयुष्यभर पूर्णपणे वर्ज्य करणे हाच एक उपाय आहे, आणि तो पाळला तर बहुतेकांचे आतडे पुन्हा सावरते.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर येथे देता येते. गव्हाच्या एका पोळीत ग्लूटेनचे प्रमाण दोन-तीन ग्रॅम इतके असते. रोज पन्नास मिलिग्रॅम, म्हणजे त्या पोळीचा एखादा लहानसा तुकडा, एवढ्याने देखील काही महिन्यांत या रुग्णांच्या आतड्याला इजा पोहोचते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. मधुमेहाच्या रुग्णाने सणाच्या दिवशी अर्धा लाडू खाल्ला तर तो एखादे वेळी निभावून नेता येतो. येथे तसे नाही. येथे पथ्य थोडेसे पाळणे म्हणजे ते न पाळण्यासारखेच आहे.

हे सारे वैद्यकशास्त्राला तरी फार पूर्वीपासून ठाऊक होते असे नाही. सॅम्युएल जी या इंग्रज डॉक्टरने १८८८ साली या विकाराचे नेमके वर्णन केले. दोष अन्नातच असावा, हेही त्याने ताडले होते. परंतु कोणत्या अन्नात, हे त्याला उमगले नाही. ते कोडे विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने सोडवले. १९३० नंतरच्या दशकातच त्याचा गव्हावर संशय होता. पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धग्रस्त नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. त्या दिवसांत सारा देश उपाशी असताना ही आजारी मुले सुधारत असल्याचे, आणि पाव परत येताच पुन्हा खालावत असल्याचे आढळले. १९५० साली डिके याने आपला प्रबंध सादर केला आणि गव्हाचा दोष शास्त्रीय कसोटीवर उतरला. दुष्काळाने दिलेला हा धडा आहे. आपल्याकडे पंगतीत बसलेल्यांनी तो सुबत्तेच्या काळात शिकावयाचा आहे.

हा आजार युरोपियनांचा आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, असा समज दीर्घकाळ होता. तो आता टिकत नाही. भारताच्या तीन विभागांत झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार प्रौढांच्या रक्तात या विकाराची प्रतिपिंडे आढळण्याचे प्रमाण उत्तरेत शंभरात सुमारे १.२, ईशान्येत सुमारे ०.९ आणि दक्षिणेत अवघे ०.१ आढळले. हा आजार होण्यास जी आनुवंशिक पार्श्वभूमी लागते ती दक्षिणेतही मोठ्या प्रमाणावर आहे. जेथे ताटात गहू कमी तेथे रोग कमी, असा त्याचा साधा अर्थ निघतो. महाराष्ट्र हा पोळी आणि भात यांच्या सीमेवरचा प्रांत. शिक्रापूरसारख्या गावी तर कारखान्यांच्या निमित्ताने उत्तर भारतातील, पिढ्यान्‌पिढ्या रोटी खाणारी कुटुंबेही मोठ्या संख्येने राहतात. तेव्हा हा प्रश्न दूरदेशीचा म्हणून बाजूस सारता येणार नाही.

भाकरीचा मान

या प्रश्नात एक विलक्षण विसंगती दडलेली आहे. शिरूर आणि दौंड हा मुळात भाकरीचा मुलूख. पर्जन्यछायेतील या तालुक्यांत खरिपाची बाजरी आणि रब्बीची ज्वारी हेच माणसाचे अन्न होते. गहू सणासुदीला, पाहुण्याला, आजाऱ्याला. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांपैकी एकाही धान्यात या रुग्णांना घातक असे ग्लूटेन नाही. आजोबांचे रोजचे जेवण नातवाला निर्धोक होते. पुढे चासकमानचे कालवे आले, रेशनच्या दुकानात गहू आला, आणि डब्यात पोळी नेणे हे सुधारलेपणाचे लक्षण ठरले. ज्या घरात पोळी केवळ वर्षाच्या ठरलेल्या सणांना होत असे, तेथे ती दोन्ही वेळा होऊ लागली. जुन्या आहारात हा विकार अनेकांच्या अंगी झाकलेला राहिला असेल आणि नव्या आहारात तो उघडा पडू लागला असेल, असे मानण्यास जागा आहे.

परंतु धान्याबरोबर त्याची प्रतिष्ठाही बदलते. पोळी हे मानाचे अन्न आणि भाकरी हे गरजेचे, ही उतरंड मराठी मनात खोलवर रुजलेली आहे. रोजच्या दिवशी भाकरी मागितली तर कोणास काही वाटत नाही. सणाच्या दिवशी ती मागितली की यजमानाला आपल्या घराचे उणे काढल्यासारखे वाटते. ‘आमच्या घरी येऊन भाकरी खाल्लीस?’ हा प्रश्न प्रेमाचा असतो, पण त्यात एक दुखावलेला अभिमानही असतो. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले आणि ज्वारी-बाजरीला सरकारदरबारी ‘श्रीअन्न’ अशी पदवी मिळाली. महामार्गावरच्या हॉटेलांतून चुलीवरच्या भाकरीचे फलकही झळकतात. मात्र ही पदवी सणाच्या ताटापर्यंत अजून पोहोचलेली नाही. एकटी भोगी तेवढी अपवाद आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी आणि मुगाची खिचडी हाच सण असतो. त्या दिवशी या मुलाला काही वेगळे मागावे लागत नाही. वर्षातून एक दिवस तो सगळ्यांसारखा जेवतो.

याहून मोठी गंमत उपवासाची आहे. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा यांत कोठेही ग्लूटेन नाही. आषाढी एकादशीला आणि महाशिवरात्रीला या रुग्णाचे पोट निर्धास्तपणे भरते आणि दसरा-दिवाळीला त्याला अर्धपोटी उठावे लागते. सगळ्यांच्या उपवासाला ज्याचा सण आणि सगळ्यांच्या सणाला ज्याचा उपवास, अशी त्याची अवस्था होते.

गिरणीतले शहाणपण

या रुग्णाला केवळ पोळी टाळून भागत नाही. सणाच्या ताटात गहू अनेक रूपांनी लपलेला असतो. कुरडई गव्हाच्या चिकाची असते. शेवया, रव्याचे लाडू, करंजी, शंकरपाळी, गूळपोळी, तळलेले मोदक, नागपंचमीचे दिंड हे सारे गव्हाचेच प्रकार आहेत. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात बहुधा गहू असतो. आजाऱ्याला पथ्याचे म्हणून दिलेले मेतकूट-भात याला मात्र अपथ्य ठरते. बाजारातील बांधानी हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो; त्यामुळे ज्या कटाच्या आमटीत वस्तुतः हरभऱ्याची डाळच आहे, तीही फोडणीपाशी संशयास्पद होते. बेसनाचा लाडू, शेव, तांदळाचे अनारसे, पोह्यांचा चिवडा हे पदार्थ स्वतः निर्दोष असतात. पण शंकरपाळीच्या तेलात चकली तळली, की निर्दोष चकलीही दूषित होते. खपली गहू चालतो, असा एक समज अलीकडे पसरला आहे. तो चुकीचा आणि घातक आहे. लोकवन असो की खपली, गव्हात ग्लूटेन असतेच.

हे ऐकून यजमान गृहिणी हबकून जाईल, यात नवल नाही. ‘इतके कोण पाहणार?’ असे तिला वाटेल. पण मराठी घराला हे पाहणे खरोखर नवे आहे काय? गावच्या पिठाच्या गिरणीत उभे राहिले, की याचे उत्तर मिळते. दळणाचा डबा खाली ठेवताच बाई आधी विचारते, ‘आधी काय दळलंय?’ ज्वारीवर गहू नको, बाजरीवर तांदूळ नको, हा तिचा आग्रह असतो आणि गिरणीवाला तो मुकाट्याने मानतो. उपवासाची भाजणी दळावयाची तर जाते आधी साफ करून घेण्याचा आग्रह होतो. एका धान्याचे पीठ दुसऱ्यात मिसळते, हे ज्ञान तिला कोणत्याही प्रयोगशाळेने शिकवलेले नाही. सोवळ्याचा स्वयंपाक वेगळा, नैवेद्याचे ताट आधी, उपवासाची कढई निराळी, कांदा-लसूण न खाणाऱ्या पाहुण्याची भाजी बाजूला, हा सारा विवेक आपल्या स्वयंपाकघरात शतकानुशतके चालत आलेला आहे. सीलिॲकच्या रुग्णाला नेमका हाच विवेक हवा असतो.

मग अडते कोठे? अडते ते श्रद्धेपाशी आणि आजारापाशी आपण लावलेल्या वेगवेगळ्या मापांत. एखाद्याने ‘माझा गुरुवार आहे’ म्हटले, की पंगतीतील आग्रह तत्क्षणी थांबतो. कोणी कारण विचारत नाही, ‘अर्धा गुरुवार मोडून चालेल’ असे सुचवीत नाही. उलट त्याच्यासाठी केळी येतात, खिचडी टाकली जाते. मात्र ‘डॉक्टरांनी सांगितले आहे’ म्हटले, की वादविवाद सुरू होतो. डॉक्टरांना काय कळते, आमच्या वेळी असले आजार नव्हते, आपल्या मातीतला गहू कोणाला बाधतो का, अशी सगळ्यांची मते पडतात. देवाच्या नावाने मोडता घातला तर तो व्रत ठरतो, आणि शरीराच्या नावाने घातला तर नखरा. हा भेद आपण कधी तपासून पाहिलेला नाही.

प्रसाद आणि सासर

ही अडचण दोन ठिकाणी अतिशय तीव्र होते. पहिले ठिकाण प्रसादाचे. सत्यनारायणाचा प्रसाद सव्वा मापाच्या रव्याचा. प्रसाद टाकून धावत निघालेल्या कलावतीवर संकट कोसळले, ही कथा त्याच पूजेत नुकतीच वाचली गेलेली असते. अशा वेळी प्रसाद नाकारणारा मनुष्य केवळ यजमानाचा नव्हे, तर देवाचाही अपराधी ठरतो. वास्तविक त्याच चौरंगावर पंचामृताचे तीर्थ असते, केळी असतात, फळे असतात. तीही देवापुढेच ठेवलेली असतात. कॅथॉलिक चर्चपुढे हाच प्रश्न उभा राहिला. कारण त्यांचा पवित्र प्रसाद गव्हाच्याच पावाचा असावा असा दंडक आहे. ग्लूटेन पूर्णपणे काढलेला पाव चालणार नाही, पण अत्यल्प ग्लूटेनचा चालेल, ही भूमिका व्हॅटिकनने २०१७ साली पुन्हा स्पष्ट केली. आपल्या परंपरेत एवढी अडचणही नाही. फळाचा प्रसाद कमी प्रतीचा, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही.

दुसरे ठिकाण सासरचे. मुलाच्या पथ्यासाठी आई तरी भांडते. सुनेच्या पथ्यासाठी कोण भांडणार? लग्न ठरताना मुलीचा हा आजार झाकून ठेवण्याकडे अनेकांचा कल असतो. लग्नानंतर तीच मुलगी सणाच्या दिवशी वीस-पंचवीस माणसांच्या पोळ्या लाटते, पुरुषांची पंगत उठल्यावर शेवटी बसते, आणि जे उरले असेल ते तिच्या वाट्याला येते. उरते ती पोळी. तिच्यासाठी भाकरी थापावयास त्या वेळी चूल रिकामी नसते आणि ‘माझे वेगळे करते’ असे म्हणण्याचे धैर्यही नसते. ती गुपचूप खाते, गुपचूप आजारी पडते. न भरून येणारा पंडुरोग आणि वारंवार होणारे गर्भपात या विकाराशी निगडित असू शकतात. त्यांचे खापर मात्र तिच्या नाजूक प्रकृतीवर किंवा नशिबावर फुटते. पंगतीतील पथ्याचा प्रश्न हा अशा रीतीने स्त्रीच्या ताटाचा प्रश्न होतो.

याच्या विरुद्ध बाजूने एक आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. शहरांतून अलीकडे गहू सोडण्याची एक लाट आली आहे. वजन उतरावे, कांती सुधारावी म्हणून कोणताही विकार नसताना लोक ‘ग्लूटेन-फ्री’ होतात आणि महागडी बिस्किटे खातात. चार दिवसांनी तेच लोक लग्नात जिलबी खाताना दिसतात. मग खरा रुग्ण समोर आला, की त्यालाही त्याच माळेत ओवले जाते. या लाटेमुळे दुकानांत चार पदार्थ मिळू लागले हा तिचा लाभ; पण खऱ्या रुग्णाच्या शब्दाची किंमत तिने उतरवली, हा तिचा तोटा अधिक मोठा आहे. आणखी एक धोका आहे. शंका आली म्हणून आधीच गहू बंद केला आणि नंतर तपासणी केली, तर रक्तातील प्रतिपिंडे कमी झालेली असतात व रोग असूनही तो सापडत नाही. म्हणून आधी रक्ताची तपासणी, लागल्यास दुर्बिणीतून आतड्याच्या अस्तराची तपासणी, आणि मगच पथ्य, हा क्रम पाळला पाहिजे. रोग ठरला तर रुग्णाच्या भावंडांची व आईवडिलांचीही तपासणी करून घेणे शहाणपणाचे, कारण तो कुटुंबातून चालत येतो.

शासनाकडेही काही कर्तव्य उरते. पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ असे लिहावयाचे तर त्या पदार्थात एका किलोमागे वीस मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. परंतु गरीब रुग्ण पाकिटावर जगत नाही, तो रेशनवर जगतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू आणि तांदूळ यांच्या जोडीला भरडधान्यांचाही उल्लेख आहे. ज्या शिधापत्रिकेवर असा रुग्ण आहे, तिला गव्हाऐवजी ज्वारी, बाजरी किंवा तांदूळ देण्याची सोय करणे फार खर्चाचे नाही. इटलीने २००५ साली खास कायदा करून या रुग्णांना अन्नासाठी मासिक साहाय्य आणि शाळा-रुग्णालयांच्या भोजनालयांत वेगळ्या जेवणाचा हक्क दिला. २०२३ साली मुलांच्या सार्वत्रिक तपासणीचाही कायदा त्या देशाने केला. पाव आणि शेवया यांच्यावर जगणारा देश जर एवढे करू शकतो, तर भाकरीच्या महाराष्ट्राला ते अशक्य का वाटावे?

तथापि कायद्याचा हात पंगतीपर्यंत पोहोचत नाही. तेथे यजमानाचाच हात पोहोचतो. पाहुण्याला आधी विचारावे, आणि त्याने सांगितलेले खरे मानावे. कणीक तिंबण्यापूर्वी त्याच्या दोन भाकरी स्वच्छ तव्यावर थापून घ्याव्यात. हिंगाशिवाय त्याची वाटीभर आमटी बाजूला काढावी, त्याचे तळण पहिल्या तेलात करावे, त्याचे ताट सर्वांआधी वाढावे. पुरण तर हरभऱ्याचे आणि गुळाचे. ते वाटीत घालून वर तुपाची धार धरली, तर सण कोठेही उणा पडत नाही. एवढे केल्यावर त्याच्याविषयी पंगतीत चर्चा करू नये. पथ्याइतकाच त्याला त्या चर्चेचा त्रास होत असतो. लोक जेवावयास बोलावणे बंद करतात, किंवा तो स्वतःच जाणे बंद करतो, ही या आजाराची कोणत्याही तपासणीत न दिसणारी हानी आहे.

आग्रह हा मराठी पाहुणचाराचा प्राण आहे, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. त्या आग्रहाचा हेतू समोरच्याने तृप्त होऊन उठावे हाच होता, पोळ्यांची संख्या हा कधीच नव्हता. शिक्रापूरच्या त्या पंगतीत पुढच्या सणाला आजीने स्वतः उठून नातवाच्या पानात गरम भाकरी वाढली आणि ‘आणखी एक घे’ असा आग्रह केला, तर तोही आग्रहच असेल. आणि मुलाच्या आईला त्या दिवशी मान खाली घालावी लागणार नाही.